डॅशकॅममधली बॅटरी काढा, सुपरकपॅसिटर बसवा, आपल्याकडच्या उन्हात तेच टिकतं

नागपूर, चंद्रपूर, अकोला इकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की उन्हात उभ्या गाडीचं काय होतं ते इकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. काचा बंद, समोरून ऊन, आतली हवा बघता बघता ६० च्या घरात, आणि डॅशबोर्ड, पुढची काच, काचेला चिकटवलेला, समोरचा रस्ता रेकॉर्ड करणारा काळा डॅशकॅम हे सगळं त्याहून जास्त, ७०-८० पर्यंत तापतं. त्या डॅशकॅमच्या पोटात बऱ्याचदा एक छोटी लिथियम बॅटरी असते, आणि अशा बॅटरीच्या डेटाशीटवर साधारणपणे स्वच्छ लिहिलेलं असतं की ४५ डिग्रीच्या वर चार्ज करू नका, ६० च्या वर वापरू नका. मग ती आपल्या गाडीच्या काचेवर करते काय? मला हे मनापासून खटकतं, कारण लोक कष्टाचे पैसे घालून कॅमेरा घेतात, एक-दोन उन्हाळे जातात आणि ज्या दिवशी खरी गरज पडते नेमकी त्याच दिवशीची फाइल नसते.

मुळात ती बॅटरी तिथे असते कशासाठी हे आधी बघू, कारण खूप जणांना वाटतं की गाडी बंद असताना कॅमेरा चालावा म्हणून असते. तसं नाही. गाडी चालू असताना कॅमेरा गाडीच्या ५ व्होल्टवर चालतो, बॅटरीचं मुख्य काम करंट गेल्यानंतरच्या काही सेकंदांचं. कॅमेरा एक, तीन किंवा पाच मिनिटांचे तुकडे रेकॉर्ड करत जातो, आणि साध्या एमपी४ फाइलमधे कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका, मूव ॲटम म्हणतात त्याला, ती रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते. ती लिहायच्या आधी वीज गेली तर व्हिडिओचा डेटा कार्डावर असूनही फाइल उघडत नाही, कधी कधी तर साइज शून्य दिसते. काही कॅमेरे टीएस फॉरमॅटमधे लिहितात किंवा मधे मधे अनुक्रमणिका पाडत जातात, त्यांना हा त्रास कमी, पण स्वस्तातले बरेच कॅमेरे अजून शेवटीच लिहितात. आणि अपघातात नेमकी वीज जाते, पिन निसटते, फ्यूज उडतो, गाडीच्या बॅटरीची तार तुटते. म्हणजे ज्या तुकड्यासाठी एवढा खटाटोप केला तोच तुकडा या छोट्या बॅटरीच्या भरवशावर असतो.

माझा मामेभाऊ टुरिस्ट गाडी चालवतो, सीझनला ताडोब्याच्या खेपा. वाघ बघायचा खरा सीझन एप्रिल-मे, म्हणजे पाहुणे मोहर्ली गेटवर जिप्सीत बसून जंगलात आणि याची गाडी बाहेर उन्हात तीन-चार तास. येताना वरोऱ्याजवळ एका ट्रकनं बाजूनं घासलं, झटक्यात कॅमेऱ्याची पिन सॉकेटमधून निघाली. रात्री घरी येऊन कार्ड माझ्या लॅपटॉपला लावलं, तर ट्रक मागून येताना दिसतोय, ओव्हरटेकला निघालेला दिसतोय आणि पुढची फाइल शून्य केबीची. "दादा, सगळं आहे ना यात, फक्त ठोकलं तेवढंच नाही," तो म्हणाला. कॅमेरा उघडला तर बॅटरीची पुडी उशीसारखी फुगलेली, स्क्रीनच्या मागच्या बोर्डाला दाबून बसलेली आणि मीटरवर कसाबसा व्होल्टेज दाखवणारी, लोड लावला की धाडकन खाली. बाहेरून काही म्हणजे काही कळत नव्हतं, कॅमेरा रोज नीट चालू होत होता.

फुगते का, तर लिथियम सेलमधे केमिस्ट्री आहे. आतलं इलेक्ट्रोलाइट उष्णतेनं विघटन पावतं, त्यातून गॅस तयार होतो आणि पाऊच सेलला बाहेर जायला वाट नसते. शिवाय सगळ्यात वाईट जोडी कुठली तर पूर्ण चार्ज आणि जास्त तापमान. डॅशकॅममधे बरोबर तीच जोडी रोज जमते. गाडी चालवताना बॅटरी ४.२ व्होल्टपर्यंत फुल होते, गाडी बंद केली की फाइल सेव्ह करण्यापुरती अगदी चिमूटभर वापरली जाते, आणि मग ती तशीच भरलेली, तापलेल्या काचेमागे दिवसभर. मोबाइलची बॅटरी निदान आपण वापरून उतरवतो, हिला कुणी उतरवतच नाही.

याला पर्याय सुपरकपॅसिटर, म्हणजे बॅटरीसारखीच पण थोडीशी वीज साठवणारा छोटा भाग, आणि त्यात केमिस्ट्री जवळजवळ नाहीच. ॲक्टिव्हेटेड कार्बनचे दोन इलेक्ट्रोड, मधे इलेक्ट्रोलाइट, आणि चार्ज कार्बनच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागावर आयनांच्या थरात धरून ठेवलेला असतो. रासायनिक क्रिया होत नसल्यामुळे लाखो वेळा चार्ज-डिस्चार्ज झालं तरी फारसा फरक पडत नाही, कंपन्या पाच लाख ते दहा लाख सायकल सांगतात. तापमानाची मर्यादा सर्वसाधारण २.७ व्होल्टच्या सेलला ६५ डिग्री, आणि व्होल्टेज २.३ पर्यंत कमी ठेवलं तर बऱ्याच सेलना ८५ डिग्रीपर्यंत परवानगी असते. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे. पवनचक्क्यांमधे पाती फिरवायच्या यंत्रणेला आणीबाणीची वीज द्यायला हेच वापरतात, कारण एवढ्या उंचीवर चढून दर थोड्या वर्षांनी बॅटऱ्या बदलत बसणं कुणाला परवडत नाही. आणि आता हे आपल्या देशातही बनतात, केरळात कन्नूरला केल्ट्रॉनचा कारखाना २०२४ मधे सुरू झाला, इस्रोच्या तंत्रज्ञानावर, मला तर ती बातमी वाचून फार बरं वाटलं होतं.

मग लोक विचारतात की एवढुसा कपॅसिटर बॅटरीची बरोबरी कशी करणार. करत नाही, करायची गरजही नाही. हिशोब करून दाखवतो. ३०० एमएएचची ३.७ व्होल्टची बॅटरी म्हणजे साधारण ४००० ज्यूल. १० फॅरड (कपॅसिटरची क्षमता फॅरडमधे मोजतात) २.७ व्होल्टचे दोन कपॅसिटर सिरीजमधे जोडले तर ५ फॅरड ५.४ व्होल्टचे होतात, ते ४.२ पर्यंत भरले आणि कॅमेरा ३.३ व्होल्टपर्यंत चालला असं धरलं तर मिळतात १७ ज्यूलच्या आसपास. कुठे ४००० आणि कुठे १७! पण कॅमेरा खातो साधारण २ वॅट, म्हणजे १७ ज्यूलमधे ८ सेकंद, गळती-बिळती धरून ६ म्हणा. फाइल बंद करायला एक-दोन सेकंद पुरतात. म्हणजे ४००० मधले ३९९० ज्यूल फाइल वाचवायच्या कधीच कामी येत नव्हते, नुसते काचेमागे बसून तापत होते.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की फाइल सेव्ह होताना कपॅसिटर ४.२ वरून ३.३ च्या आसपास येतो, म्हणजे दोघांत वाटून प्रत्येकी १.६५ व्होल्ट, आणि पुढे तासातासाला आपोआप उतरत जातो. गाडी उन्हात तापते तोपर्यंत हा अर्धामुर्धा रिकामा. भरलेला आणि तापलेला ही जी जोडी बॅटरीला मारते ती इथे जमतच नाही. गाडी चालू असताना सुद्धा प्रत्येकावर २.१ व्होल्ट, म्हणजे त्या ८५ डिग्रीवाल्या २.३ च्याही खाली, आणि तोपर्यंत एसी चालू झालेला असतो. तापमानाचा ठोकताळा असा की १० डिग्री कमी झालं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, व्होल्टेज कमी ठेवल्याचा फायदा वेगळाच. आणि आयुष्य संपलं म्हणजे काय, तर क्षमता २०-३० टक्के घटली, आतला रेझिस्टन्स वाढला. फुगून स्क्रीन उचकटत नाही.

आता प्रत्यक्ष काम. काहीही विकत घ्यायच्या आधी एक टेस्ट करा, कॅमेरा उघडून बॅटरीची पिन काढा आणि नुसत्या यूएसबी चार्जरवर कॅमेरा चालू करून बघा. नीट चालू झाला आणि रेकॉर्डिंग करायला लागला तर पुढे जा. नाही झाला, तर त्या बोर्डावर सगळं सर्किट बॅटरीच्या लाइनवरूनच चालतंय, आणि तिथे रिकामा कपॅसिटर लावला तर कॅमेरा उठणारच नाही किंवा उठत-झोपत राहील, अशा कॅमेऱ्याच्या नादी लागू नका. उघडताना बॅटरी फुगलेली असेल तर स्क्रू ड्रायव्हरनं उचकायची नाही, खाली डबल टेप असतो, तिथे प्लास्टिकची पट्टी किंवा दोरा घालून हळूहळू सोडवायची. पाऊचला भोक पडलं तर आग लागू शकते, त्यामुळे हे काम घरात सोफ्यावर बसून नको, गच्चीत किंवा अंगणात, बाजूला वाळूची बादली.

सुटलेल्या बॅटरीला बऱ्याचदा तीन वायर असतात. लाल, काळी आणि एक पांढरी किंवा पिवळी. ही तिसरी थर्मिस्टरची, बॅटरी किती तापली ते चार्जरला सांगणारी. ती मोकळी सोडली तर चार्जर बॅटरी खराब आहे असं समजून चार्जिंगच करत नाही. त्या वायरपासून काळ्या वायरपर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर लावायचा, म्हणजे चार्जरला कायम २५ डिग्रीच आहे असं वाटतं (बहुतेक ठिकाणी १० किलोचाच थर्मिस्टर असतो, तरी जुन्या बॅटरीवर थंड असताना मीटर लावून खात्री करा). कपॅसिटरला हे चालतं. पण उद्या कुणी परत बॅटरी बसवली तर तो रेझिस्टर आधी काढलाच पाहिजे, नाहीतर तापलेली बॅटरी चार्जर बिनधास्त चार्ज करत राहील, म्हणून मी आतल्या झाकणावर मार्करनं तसं लिहूनच ठेवतो. बॅटरीच्या डोक्याशी पिवळ्या टेपखाली जो छोटा प्रोटेक्शन बोर्ड असतो तो आपल्याला नको, फक्त कनेक्टर आणि त्याच्या वायरी कापून घ्यायच्या, एका वेळी एकच वायर कापायची, लाल-काळी एकत्र कात्रीत आली की शॉर्ट.

दोन कपॅसिटर सिरीजमधे, एकाचं प्लस दुसऱ्याच्या मायनसला, आणि प्रत्येकाच्या दोन टोकांवर बॅलन्सिंगचा एक रेझिस्टर, ४.७ किलोओहमचा चालतो. हा रेझिस्टर खूप जण टाळतात. का लागतो ते सांगतो, कपॅसिटरवर १० फॅरड लिहिलं तरी खरा आकडा वीस टक्के इकडे तिकडे असू शकतो, एक ८ चा आणि एक १२ चा निघाला तर ४.२ व्होल्ट निम्मे निम्मे वाटले जात नाहीत, लहान्याच्या वाट्याला २.५ येतात आणि मोठ्याच्या १.७. म्हणजे आपण ज्या २.३ च्या भरवशावर उन्हात निघालो होतो ती मर्यादा एकानं ओलांडली. तो आधी मरतो, मग दुसरा. दोन्ही एकाच बॅचचे घ्या आणि रेझिस्टर लावाच, एक-दोन रुपयांची गोष्ट आहे.

दुकानात मागताना नीट मागा. ५.५ व्होल्टची बटणासारखी चपटी सुपरकपॅसिटर मिळतात, ती दिसायला एकदम सोयीची, सिरीजचा त्रास नाही, पण ती घड्याळ आणि मेमरी जिवंत ठेवायला बनवलेली असतात, आतला रेझिस्टन्स कित्येक ओहम. त्यातून कॅमेऱ्याचा चारशे मिलीअँप ओढला की व्होल्टेज तिथल्या तिथे बसतं. आपल्याला गोल डब्यासारखा, मिलीओहम रेझिस्टन्सवाला पाहिजे. आणखी एक, लिथियम-आयन कपॅसिटर नावाचा संकरित प्रकार येतो, ३.८ व्होल्टचा, तोही नको, आपला चार्जर ४.२ देतो आणि तो प्रकार शून्यापर्यंत उतरवलेलाही चालत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, आमच्याकडे सीताबर्डी, इथे चांगल्या दुकानात विचारलं तर मिळून जातं, रेझिस्टर-वायर धरून सगळं सामान काही शेकड्यांत येतं.

ऑनलाइन घेतलेल्या मालावर छापलेला आकडा मात्र तपासून घ्या, खोटे खूप आहेत. तपासणी सोपी आहे, कपॅसिटर २.५ व्होल्टपर्यंत भरायचा, त्याला १० ओहमचा २ वॅटचा रेझिस्टर लावायचा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू करायचं. व्होल्टेज ०.९२ ला यायला जेवढे सेकंद लागतील त्याला १० नं भागलं की फॅरड. १०० सेकंद लागले तर खरा १० फॅरड, ३० सेकंदांतच आला तर परत करा. (भरलेला कपॅसिटर स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करून रिकामा करायचा नाही, टोक वितळेल एवढा करंट निघतो, त्याच रेझिस्टरनं रिकामा करायचा.)

खरी डोकेदुखी जागेची. १० फॅरडचा कपॅसिटर साधारण १० मिलिमीटर जाड आणि ३० लांब, आणि काढलेली बॅटरी असते ३-४ मिलिमीटर जाड. चपट्या कॅमेऱ्यात तो बसतच नाही, कितीही दाबा, आणि दाबून बसवायचाही नाही. ५ फॅरडवाले लांबीला कमी असतात, दोन मिळून अडीच फॅरड, म्हणजे ३-४ सेकंद, तेवढ्यात काम होतं, पण जाडी तीच राहते. मामेभावाच्या कॅमेऱ्यात मी वायरी मागच्या जाळीतून बाहेर काढल्या आणि दोन्ही कपॅसिटर उष्णता सहन करणाऱ्या पिवळ्या कॅप्टॉन टेपमधे गुंडाळून, वर हीट श्रिंक चढवून, माउंटच्या मागे काचेच्या वरच्या काळ्या पट्टीखाली बसवले. तिथे थेट ऊन लागत नाही आणि दिसायलाही वाईट दिसत नाही. ग्लू गननं चिकटवू नका, मे महिन्यात ती कांडी परत वितळते.

एक शॉर्टकट बरेच जण करतात त्याबद्दल लिहितोच. कॅमेरा न उघडता ५ व्होल्टच्या केबलवरच कपॅसिटर लावायचा. त्यानं काही होत नाही. कॅमेऱ्याला ५ व्होल्ट गेल्याचं कळलं तरच तो फाइल बंद करतो, केबलवर कपॅसिटर असला की त्याला कळतच नाही, तो आपला रेकॉर्ड करत राहतो आणि कपॅसिटर संपला की आधीसारखाच मधेच मरतो. फक्त काही सेकंद उशिरा. म्हणून कपॅसिटर बॅटरीच्याच जागी, बॅटरीच्याच कनेक्टरवर.

आता काय गमावतो तेही सांगायला पाहिजे. पहिलं, घड्याळ. बहुतेक कॅमेऱ्यांत तारीख-वेळ याच बॅटरीवर टिकते, कपॅसिटर बॅलन्सिंगच्या रेझिस्टरमधून एक-दोन दिवसांत उतरतो आणि गाडी आठवडाभर उभी राहिली की तारीख परत मागच्या कुठल्या तरी १ जानेवारीवर. ही छोटी गोष्ट नाही, चुकीच्या तारखेचं फुटेज इन्शुरन्सवाल्यासमोर ठेवलं तर वाद होणारच. जीपीएसवाला कॅमेरा असेल तर तो सिग्नल मिळाला की वेळ आपणहून लावतो, मोबाइल ॲपला जोडला जाणारा असेल तर ॲप उघडल्यावर लागते, दोन्ही नसेल तर रोज गाडी चालवणाऱ्यानंच हा बदल करावा असं मी म्हणेन. दुसरं, पार्किंगमधे धक्का लागला की कॅमेरा आतल्या बॅटरीवर जागा होऊन दहा-वीस सेकंद शूट करतो तो प्रकार बंद. तो पाहिजे असेल तर फ्यूज बॉक्समधून हार्डवायर किट लावा, त्यात १२ व्होल्टच्या आसपास कटऑफ असतो, गाडीची बॅटरी उतरत नाही. तिसरं, रिकाम्या कपॅसिटरला चार्जर सुरुवातीला मेलेली बॅटरी समजतो आणि २.९ व्होल्टपर्यंत अगदी हळू, ४० मिलीअँपच्या आसपास भरतो, त्यामुळे गाडी खूप दिवसांनी काढली तर पहिली पाच-सहा मिनिटं संरक्षण नाही. रोजच्या वापरात कपॅसिटर पूर्ण उतरतच नाही, तेव्हा हा प्रश्न येत नाही. आणि वॉरंटी जाते हे उघड आहे.

नवीनच कॅमेरा घ्यायचा असेल तर हा सगळा खटाटोप कशाला, कपॅसिटरवालाच घ्या. व्हायोफो, ब्लॅकव्ह्यू, थिंकवेअर यांच्या बऱ्याच मॉडेलमधे कारखान्यातूनच सुपरकपॅसिटर येतो. बॉक्सवर रेझोल्यूशन मोठ्या अक्षरात असतं, फोरके, नाइट व्हिजन वगैरे, पॉवर सोर्स मात्र स्पेसिफिकेशनच्या तळाशी. तिथे एमएएचमधे आकडा दिसला की ती बॅटरी, मग तो कॅमेरा किती का भारी असेना. दुकानदार म्हणतो, भाऊ, सेमच असतं. सेम नसतं. थंड हवेच्या गावात राहणाऱ्यानं एक वेळ चालवून घ्यावं, वर्धा-यवतमाळ-चंद्रपूरवाल्यांनी नाही.

काढलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, दाबाखाली आली की पेट घेऊ शकते. टोकांना टेप लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवरच आहे.

बसवून झाल्यावर टेस्ट अशी करा: कॅमेरा दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायचा, समोर सेकंद काटा असलेलं घड्याळ ठेवायचं, आणि रेकॉर्डिंग चालू असताना खस्सकन पिन ओढायची. स्क्रीन विझायला किती सेकंद लागले ते मोजा, मग कार्ड काढून शेवटची फाइल उघडा आणि घड्याळात पिन ओढल्याची वेळ दिसते का बघा. मामेभावाच्या गाडीत दिसली. आता दरवर्षी नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आधी तो हे एकदा करतो, सेकंद कमी भरायला लागले की कपॅसिटर बदलू असं ठरलंय.